किडे सर आणि मुळावरचे मोती

ये गं सुजू, अशी जवळ ये. तिकडे उंबऱ्याशी पाहुण्यासारखी काय टेकलीस? आणि आधी मला सांग, परसातली ती पिवळी पडलेली चवळी उपटून उकिरड्यावर भिरकावलीस, ती कोणाला विचारून? पानं बघितलीस, नाक मुरडलंस, झालं तुझं. मुळाकडे बघितलंस का एकदा तरी? आजारी माणसाचा नुसता शर्ट बघून डॉक्टर औषध देतो का? रागावले नाही गं, तोंड पाडू नकोस. चहा घे. हे शर्टाचं बोलणं माझं नाहीच, आमच्या किडे सरांचं आहे. आता तोंडातून निघालंच आहे, तर त्यांच्याबद्दल ऐकूनच जा.

किडे सर म्हणजे मुळाचा माणूस. दुसरी कुठलीही ओळख त्यांना लागू पडायची नाही. घरी आले की आपण म्हणावं, "या सर, बसा," आणि त्यांनी म्हणावं, "बसतो, पण आधी बांधावरनं येतो." पाणी नाही, चहा नाही, थेट शेतात. तिथे उकिडवे बसून कुठल्यातरी मरतुकड्या रोपाशी असं काही बोलायचे, जसं तापातल्या पोराशी बोलावं. "काय रे, काय होतंय तुला? दाखव बघू." मग अर्ध्या तासाने हात मातीने भरलेले, सदऱ्याच्या बाह्या ओल्या, आणि चेहरा असा खुशीत की वाटावं, सोयरीक जमवून आले.

खरं नाव होतं की त्यांना, चांगलं लांबलचक. पण आमच्या राहनाळच्या पोराटोरांनी किडे सर म्हटलं आणि तेच चिकटलं. त्यांनाही आवडायचं. तेव्हा नुकते ते छोटे छोटे मोबाईल आले होते. त्यावर ओरडून सांगायचे, "हां, किडे सर बोलतोय, भिवंडीहून!" घर त्यांचं भिवंडीतलं, कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. थोरल्या भावाचे लूम, कापडाचे माग. हे मात्र शिकले, कुठल्याशा शेतकी प्रयोगशाळेत नोकरीला लागले, जन्मभर पिकांच्या मुळांतले किडे बघितले आणि निवृत्त होऊन परत आपल्या गल्लीत आले. त्या किड्यांना शास्त्रात सूत्रकृमी म्हणतात. भाऊ चारचौघांत चिडवायचे, "आमच्या खानदानात सगळेच सुताचे. मी सूत विणतो, हा सुताचे किडे मोजतो. फरक एवढाच, माझं सूत विकलं जातं." त्यावर सर म्हणायचे, "भाईजान, तुमचं सूत दोन धुण्यांत विटतं. माझे किडे वर्षानुवर्षं टिकतात." हे ते गमतीत बोलायचे, पण त्यात किती खरं होतं ते आम्हाला पुढे कळलं.

आमच्या सासऱ्यांची आणि त्यांच्या वडिलांची जुनी ओळख होती, पेंढ्याच्या गाड्यांच्या वेळेपासूनची. त्या धाग्याने सर आमच्याकडे यायचे. जुनाट मोपेड, तिच्या हँडलला बादली अडकवलेली, आणि पिशवीत भाभींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, उलथनं. खुरपं त्यांना चालायचं नाही. खुरपं मूळ कापतं म्हणे. उलथनं कसं, चपटं, मुळाच्या खाली अलगद जातं. भाभी भेटल्या की पहिली तक्रार हीच. "काय सांगू तुम्हाला, तव्यावर भाकरी जळते आणि उलथनं राहनाळच्या शेतात!" नवं आणलं की सर तेही न्यायचे. जुन्याची धार गेलेली असायची, नव्याला सवय व्हायला पाहिजे, असं काहीतरी कारण असायचंच.

आणि भिंग. कापडाचे व्यापारी बघ, कापडावर एक छोटं घडीचं पितळी भिंग ठेवून धागे मोजतात, कापड किती दाट आहे ते कळायला. भावाच्या पेढीवरून सरांनी तसलं एक लांबवलं होतं. आख्ख्या भिवंडीत त्या भिंगाने लोक कापड बघत होते आणि एकटे सर मूळ बघत होते.

बघायची त्यांची रीत ठरलेली. "उपटायचं न्हाय वहिनी," ते मला बजावायचे. "उपटलं की मोती मातीत गळतात, मूळ साळसूद दिसतं, आणि आपण म्हणतो काही न्हाय. चोर पळून गेल्यावर घर तपासण्यासारखं हाय ते." चौफेर माती मोकळी करायची, ढेकळासकट रोप उचलायचं, बादलीतल्या पाण्यात ठेवायचं आणि गप्प बसायचं. चोळायचं नाही, हलवायचं नाही. माती आपणहून सुटते. तोवर सर चहा घ्यायचे. तेव्हाच घ्यायचे.

मग मूळ तळहातावर घेऊन शिकवायला सुरुवात. मी चौथी शिकलेली बाई, पण त्यांनी कधी मला सोपं करून, वगळून सांगितलं नाही. शेंगेच्या पिकाच्या मुळाला तीन तऱ्हेचे उंचवटे असतात. एक गाठ भल्याची. ती मुगाएवढी, कधी जोंधळ्याएवढी, मुळाच्या कडेला बसलेली, आणि नखाने फोडली की आत गुलाबी. ती जमिनीला खत देते, तिला हात लावायचा नाही. दुसरी गाठ वाईटाची. तिथे मूळ स्वतःच सुजतं, संधिवाताच्या बोटासारखं, आणि काही केलं तरी ती वेगळी निघत नाही, कारण ती मूळच असते. आणि तिसरा हा मोती. रव्याच्या दाण्याहून लहान, पांढरा, चकचकीत. नुसत्या डोळ्याला वाटावं वाळूचा कण चिकटलाय. भिंगाखाली धरलास की दिसतं, ते चक्क एक चिमुकलं लिंबू आहे. पुढे बारीक मान, ती मुळात खुपसलेली, मागे लिंबाला असतं तसं टोक. टाचणीने टोचलं की अलगद सुटून येतं. ती किड्याची मादी. तिची पिल्लं सुताच्या तुसासारखी, तोंडात सुई असलेली, मुळात शिरतात. नर सुतासारखाच राहतो. मादी मात्र एका जागी बसून पीत राहते आणि फुगत जाते.

"ही सिझरसारखी मुळातनं रस ओढते व्हय?" आमच्या सासूबाईंनी एकदा ओट्यावरून विचारलं. त्यांना सिरिंज म्हणायचं होतं.

"हां आई, तसंच. सुई टोचायची आणि ओढायचं."

"आणि नवरा?"

"तो हिंडतो."

"मंग त्यात नवीन काय हाय?" सासूबाई म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या. सर इतके हसले की तळहातावरचं मूळ पडलं.

आता मुद्द्याचं सांगते. आमची वरची पट्टी तू बघितली आहेस. भाताची नाही ती, वरकस, पाणी न ठरणारी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला तिथे नेऊन सांगितलं होतं, "भातात तुझं कोन ऐकनार न्हाय. ही पट्टी तुझी. हिच्यात काय लावायचं ते तू ठरव." त्या घरात माझा शब्द उगवला तो त्या पट्टीत. चवळी, तीळ, बांधाला तूर, असं मी तिथे करत आले. माझ्या चवळीच्या शेंगा भिवंडीच्या बाजारात बायका नाव घेऊन विचारायच्या.

एका वर्षी पट्टीच्या मधोमध चवळी जरा खुरटली. पुतण्याची हळद होती तेव्हाच, दारात मांडव, बँडवाले ठणाणा वाजवतायत, आणि सर पांढरेशुभ्र कपडे घालून पाहुणे म्हणून आलेले. तुझ्या काकांना, आमच्या ह्यांना, राहवेना. एक रोप उपटून आणलं आणि मांडवातच सरांपुढे धरलं. "सर, मुळाला दाणे दाणे हायत, बघा."

सरांनी हात लांब करूनच बघितलं. कपड्यांना माती लागेल म्हणून असेल. "गाठी हाएत. चांगलंच हाय की!" म्हणाले आणि जेवायला बसले.

झालं. किडे सर म्हणाले म्हणजे पत्थर की लकीर. शेंगेच्या मुळाच्या गाठींनी जमीन कसदार होते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. आणि अशा गाठी नव्या जागी याव्यात म्हणून चांगल्या शेतातली माती टोपल्या भरभरून नेऊन तिकडे विस्कटायची, ही जुनी पद्धत. तुझ्या काकांनी मोठ्या हौसेने वरच्या पट्टीतली माती विहिरीकडच्या तुकड्यात नेऊन टाकली. पुढल्या हंगामात दोन्हीकडची चवळी पिवळी. मधे मधे टक्कल पडल्यासारखे गोल. शेंगा आल्या त्या बोटभर आणि पोकळ.

ते दिवस तुला सांगते सुजू, गोडाऊनांचे. आज या शेताला मुरूम पडला, उद्या त्या शेताला. सकाळी उठून बघावं तर हिरव्या जागी लाल ढीग आणि पत्र्याच्या भिंती. आमच्याकडेही एक दलाल येऊन बसायचा, गोड बोलणारा, गॉगलवाला. तुझे काका इतकी वर्षं त्याला चहा पाजून परत पाठवत होते. त्या वर्षी मात्र पट्टीतून आले, पायातली चप्पल भिरकावली आणि म्हणाले, "जमीन मेली. मेलेलं घरात ठेवत न्हायत. देऊन टाकू."

भांडून सांगावं तर पीक साक्षीला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, रिक्षात बसले आणि भिवंडीला सरांच्या दारात. आत शिलाई मशीनच्या टेबलावर त्यांचा सूक्ष्मदर्शक ठेवलेला, बाजूच्या खोलीतून लूमचा खडखडाट, असा की बोलायचं तर ओरडावं लागे. मी ओरडले, "सर, तुम्ही चांगलं म्हणालात ती चवळी मेली!" आतून भाभीसुद्धा बाहेर आल्या.

ते तसेच उठले. पट्टीत आले, उलथन्याने रोप काढलं, बादलीत ठेवलं. त्या दिवशी चहा घेतला नाही. मूळ उचलून भिंग लावलं. मोतीच मोती. मग विहिरीकडच्या तुकड्यातलं रोप काढलं. तेही तसंच.

"ही माती इकडं कोणी आणली?"

"मीच," काका म्हणाले. "तुमच्या शब्दावर, सर."

अंगणात शेजारपाजारचे चार लोक जमलेले. सरांनी भिंग मिटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शब्द चुकला माझा. त्या दिवशी भिंग नव्हतं, कपडे पांढरे होते, आणि मटणाचा वास येत होता. तिन्ही गोष्टी माझ्या. यांची एकही न्हाय."

काका एकदम नरमले. "जाऊ द्या हो सर."

"जाऊ देऊन कसं चालेल? तो किडा थोडाच जातोय!"

मग त्यांनी आम्हाला मुळावरचे रंग दाखवले. काही मोती पांढरे, काही पिवळसर, काही तपकिरी. पांढरी मादी जिवंत. शेपटाशी एक चिकट थेंब असतो, त्यात थोडी अंडी घालते, बाकीची पोटातच ठेवते. मग मरते. मेल्यावर तिची कातडी कडक होते, तपकिरी होते, चामडं कमावल्यासारखी. ती होते पिशवी. आत शेकड्यांनी अंडी. मूळ कुजून जातं, पिशवी मातीत पडून राहते. ऊन सोसते, पाऊस सोसते, वर्षं काढते, आणि जवळपास आवडीचं मूळ आलं की पिल्लं बाहेर पडतात.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "किड्याची जात मेली, पर आई ती आईच. मेल्यावर बी पोरांना पोटात धरून बसली."

"आई, तुम्ही कोणाच्या बाजूने?" काका ओरडले.

"मी आपलं सांगितलं."

काकांनी तेवढ्यात विचारलं, "मंग आता काय लावू ते सांगा. लगेच सांगा." आणि सर म्हणाले, "लगेच सांगणार न्हाय. एकदा लगेच सांगितलं, बघितलंत ना काय झालं." मक्यावर बसणाराही असाच लिंबासारखा असतो म्हणे. भातावरचा असतो, गव्हावरचा असतो. बटाट्यावरचा मात्र गोल, त्याला मागचं टोक नसतं, तो थंड डोंगरातला. वरून बघून हा बटाट्यावरचा नाही, एवढंच कळतं. हा कोण ते ठरल्याशिवाय कोणतं पीक बंद करायचं ते कसं ठरणार? मक्यावरचा निघाला आणि आम्ही मका लावला, तर पाहुण्याला वाढून दिल्यासारखंच.

त्यांनी तपकिरी पिशव्या कागदाच्या पुडीत बांधून नेल्या. घरी त्यांनी दाढीच्या पात्याने त्या रव्याएवढ्या लिंबाचं मागचं टोक कापलं. मी नंतर स्वतः डोळा लावून बघितलंय म्हणून सांगते. त्या टोकावर ना, बारीक खिडक्या असतात, पातळ पडद्याच्या. पिल्लांना बाहेर पडायची वाट. खिडक्या किती, त्यांचा आकार कसा, खाली आडवा पूल आहे का, त्याच्याजवळचे फुगवटे कसे मांडलेत, यावरून जात कळते. जसं आपल्याकडे नऊवारी कशी नेसली आहे यावरून बाई कुठल्या गावची ते कळतं, तसंच. सर त्या खिडक्या बघत किती वेळ बसले कोण जाणे. भाभी म्हणाल्या, "हाक मारली तर म्हणतात, थांब, मी खिडकीत हाय."

परत आले ते ठाम होऊन. "तुरीवरचा हाय. तूर, चवळी, मूग, उडीद आणि तीळ, हे त्याचं जेवण. सगळं बंद. नाचणी लावा. मका लावा. वांगी लावा. उन्हाळ्यात नांगर खोल घाला, ऊन आत जाऊ दे. पिल्लं बाहेर येतील, जेवायला मिळणार न्हाय, मरतील. काही मात्र पिशवीतच वाट बघत बसतील. म्हणून सबर पाहिजे. जमीन मेलेली न्हाय, तिच्यात पाहुणे उतरलेत."

काका अंगठ्याने जमीन टोकरत बसले. शेवटी म्हणाले, "दोन नाचण्या थांबतो. त्याच्यापुढं न्हाय."

दोन नाचण्या! त्या मुदतीत माझा जीव अडकला. पीक फक्त जगवायचं नव्हतं गं, पट्टी राखायची होती. सरांनी एक नवा नियम घातला. पट्टीतून बाहेर पडताना पाय धुवायचे, कुदळ धुवायची, नांगराचा फाळसुद्धा. चिखलाबरोबर पिशव्या दुसरीकडे जायला नकोत. गावात थट्टा सुरू झाली. "राहनाळात लोक देवळात जाताना पाय धुतात, ही बाई शेतातून निघताना धुते!" मी धुवत राहिले. तुझे काका आधी चिडायचे, मग तेही गुपचूप धुवायला लागले.

दर उन्हाळ्यात सर माती तपासायचे. पट्टीत ठिकठिकाणची ओंजळ ओंजळ माती घेऊन ती सावलीत वाळवायची. वाळली की पाण्यात ढवळायची. जड माती खाली बसते आणि वाळलेल्या पिशव्या हलक्या म्हणून वर तरंगतात, भांड्याच्या कडेला तपकिरी कडं धरतात. ते पाणी कापडातून गाळायचं. आता भिवंडीत कापडाला तोटा आहे का? सरांनी भावाच्या लूमवरचे तुकडे आणून सगळे पारखले. हे लई गच्च, पाणीच सोडत न्हाय. हे विरळ, मोती निसटले. शेवटी पसंत पडली ती भाभींची जुनी मलमलची ओढणी. "उलथनं गेलं, ओढणी गेली," भाभी मला म्हणाल्या, "आता माझीच पाळी."

आणि एक सवय त्यांना त्या चुकीपासून लागली. भिंग गळ्यात. काळ्या दोऱ्यात ओवून, ताईत घालावा तसं. लग्न असो, मौत असो, ईद असो. आमच्याच गावातल्या एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मामाने विचारलं, "सर, हे काय गळ्यात?" तर म्हणाले, "माझी जीभ सैल हाय. तिला बांधून ठेवलंय."

दुसरी नाचणी खळ्यावर आली, उन्हाळा आला. दलाल नेमका हजर. पलंगावर पाय दुमडून बसला, कागद मांडीवर. आणि तेवढ्यात मोपेड. पुढे सर, मागे भाभी, आणि भाभींच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक, नव्या बाळंतिणीने बाळ धरावं तसा. सासूबाईंनी तर दृष्ट काढायला मीठ आणलं असतं. अंगणात उन्हाकडे आरसा वळवून यंत्र लावलं. गाळलेल्या पिशव्या काचेवर ठेवल्या. सरांनी टाचणी काकांच्या हातात दिली.

"मी?" काका म्हणाले.

"तुम्हीच. माझ्या शब्दावर आता काही करायचं न्हाय. फोडा आणि सांगा, काय दिसतं."

तुझ्या काकांचा हात म्हणजे नांगराचा हात. पहिली पिशवी चेंगरून गेली. दुसरी फुटली. काका डोळा लावून बघत राहिले. "काय न्हाय यात. नुसतं टरफल." तिसरी, रिकामी. पुढची, रिकामी. मी भिंतीला टेकून उभी होते आणि देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं. मग काका म्हणाले, "ही भरलेली. अंडी हायत."

सर शांत. "ही पण मोजा. लपवायची न्हाय. पहिल्या वर्षी काय दिसलं होतं, वहिनी?" मी म्हणाले, "जवळजवळ सगळ्या भरलेल्या." "आणि आता?" मी काकांकडे बघितलं. काका अजून यंत्राला डोळा लावूनच होते, एकेक फोडत होते, ओठ हलत होते. त्यांना कोणी सांगायची गरजच उरली नव्हती.

दलाल कंटाळला. "सर, किडे बघून पोट भरतं का हो?"

"या की, तुम्ही पण बघा," सरांनी जागा करून दिली. गॉगल कपाळावर चढवून त्याने डोळा लावला आणि तो पण गुंतला बघ! "अरे, हे तर लिंबू दिसतंय!" तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. काकांनी टाचणी खाली ठेवली, पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, "सांग तुझ्या शेठला, जमीन मेलेली न्हाय. देत न्हाय आम्ही."

दलालाने फोन कानाला लावला. "नहीं सेठ, इधर नहीं होगा. इधर ये लोग कीड़ों की थैलियाँ गिन रहे हैं." मग आमच्याकडे बघून थोडा ओशाळला आणि चहा मागून घेतला.

त्या वर्षी काकांनी आपणहून आणखी एक नाचणी घेतली, न मागता. मग मी एका कोपऱ्यात चवळी टोकली. महिनाभर मला झोप कसली येते. सर आले, रोप काढलं, बादलीत ठेवलं. शोधून शोधून एखादा मोती सापडला असेल. बाकी गाठी, नखाने फोडल्या तर आत गुलाबी. सर त्या गुलाबी गाठीकडे असे बघत राहिले, जसं कोणी हरवलेली अंगठी सापडल्यावर बघतं. मग म्हणाले, "दरवर्षी लावू नका. एक वर्षाआड नाचणी. पूर्ण कधीच जायचा न्हाय तो. आपण त्याला ओळखून असायचं, बस."

पुढे त्यांचेच डोळे गेले. मोतीबिंदू काढला, तरी आतल्या पडद्याचं काहीतरी बिघडलं होतं. भिंगातून धुकं दिसायला लागलं. रडले नाहीत, कुरकुरले नाहीत. मोपेड बंद झाली तेव्हा रिक्षाने यायचे, बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि मला बघायला लावायचे. "काय दिसतं वहिनी? लिंबू की गोल? मान दिसते? रंग सांगा. नीट सांगा, पांढरा म्हणजे दुधाचा की मेणाचा?" मी सांगायचे आणि ते डोळे मिटून मान हलवायचे. कधी मी घाईत "गाठी आहेत" म्हटलं, तर छडी जमिनीवर आपटायचे. "फोडली का? न फोडता कशी गाठ म्हणता?" अशी शिकले बघ मी. शाळा सुटून चाळीस-एक वर्षं झाल्यावर छडीच्या धाकाने.

एका रमजानच्या आधी ते गेले, झोपेतच, फारसा कोणाला त्रास न देता. मी भेटायला गेले तेव्हा त्या गल्लीत लूम चालूच होते. थोरले भाऊ दारात बसले होते, मला बघून म्हणाले, "बाई, आमच्यातला एक धागा तुटला." भाभींनी माझा हात धरला आणि सगळ्यात आधी काय विचारलं असेल? "या वर्षी काय लावलंय?" मी म्हटलं, नाचणी. त्यांनी मान हलवली. "बरोबर. मागल्या साली चवळी होती." त्यांना पण हिशोब पाठ होता, आम्हाला दोघींना हसू आलं आणि मग रडू आलं.

आता वरच्या पट्टीच्या तिन्ही बाजूंना गोडाऊनं आहेत. ट्रक रात्रंदिवस. मधे आपला हिरवा तुकडा, वरून विमानातून बघितलं तर म्हणे ठिगळासारखा दिसतो. तुझे काका गेल्यापासून आमच्या दोन्ही पोरांना फोन येतात. पोरं वाईट नाहीत गं. पण परवा धाकटा म्हणाला, "आई, यंदा चवळी जरा पिवळी दिसते, जमीन थकली वाटतं." मी त्याला हात धरून नेलं, रोप काढलं, दाखवलं. पाणी साचलं होतं एका बाजूला, बाकी काही नव्हतं. पण मी किती वर्षं हात धरून नेणार? माझ्या पश्चात कोणी बांधावर उभं राहून म्हटलं, मेली, तर खाली वाकून बघणारं कोणीतरी पाहिजे की नाही?

म्हणून म्हणते, आज निघतेस ती नीघ, अंधार व्हायच्या आत पोच. पण दसऱ्यापर्यंत वाट बघायला लावू नकोस. चवळीला फुलं धरली की लगेच ये, चांगली दोन दिवस राहायला ये, जुने कपडे घेऊन. मला आता उकिडवं बसवत नाही. मी बांधावर खुर्ची टाकून बसेन, तू खणायचं आणि काय दिसतं ते मला सांगायचं. ये हां, लवकर ये.